डबा, रडारड आणि पाठपोट झेरॉक्स : बालवाडीच्या बातमीपत्राचं एक वर्ष

माझी सेकंड शिफ्ट, त्यामुळे लेकीला सकाळी बालवाडीत सोडायचं काम माझ्याकडे, आणि आमच्या डोंबिवलीत सकाळी नऊला मोकळे असणारे बाबा किती असणार, बाकी सगळे तेव्हा लोकलच्या दारात लटकून मुंब्रा-ठाणे करत असतात. त्यामुळे जूनच्या पालकसभेत मोठ्या ताईंनी "बातमीपत्र परत सुरू करायचंय, कोण करेल" असं विचारलं तेव्हा सगळ्या आयांनी एकदम माझ्याकडेच बघितलं. "तुम्ही कॉम्प्युटरवरच असता ना?" असतो हो, पण मी गोदामातला माल कुठल्या रॅकला आहे ते बघतो, माझा लिहिण्याशी संबंध बारावीच्या निबंधानंतर संपला. पण कोण ऐकतंय, टाळ्या वाजल्या आणि झालं.

आमची बालवाडी म्हणजे एका जुन्या बिल्डिंगचा तळमजला, छोटा गट आणि मोठा गट मिळून चाळीसच्या आसपास मुलं, तीन ताया, एक मावशी. पूर्ण मराठी. बातमीपत्र पूर्वी निघायचं, आधी स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर, मग हाताने लिहून झेरॉक्स, आणि कोरोनात बंद पडलं ते पडलंच कारण तोवर व्हॉट्सअॅप ग्रुप आले आणि सगळ्यांना वाटलं आता कशाला कागद. ताईंनी मला कपाटातून जुन्या अंकांची फाईल काढून दिली. त्यातले श्रावणातले दोन-तीन अंक वाचले आणि मजा वाटली. कुंडीत मेथी पेरली, उगवली, भाजी केली, काहींनी खाल्ली, काहींनी "ही आपली मेथी आहे, खायची नाही" म्हणून रडारड केली. एवढंच. पण वाचताना ती मुलं दिसत होती.

आता आमचा पहिला अंक कसा झाला ते सांगतो. तायांनी कार्यक्रमांची यादी पाठवली, शाळा सुरू, वटपौर्णिमा, आषाढीची दिंडी, मी ती नीट टाईप करून फोटो लावून ग्रुपवर टाकली आणि खाली ओळीने अंगठे आले. एका मुलाचे आजोबा, रेल्वेतून रिटायर झालेले, रोज नातवाला न्यायला अर्धा तास आधी येऊन बाकावर बसतात, ते म्हणाले "अहो दिंडीचे फोटो त्याच दिवशी मोबाईलवर आले, तेच परत काय वाचायचं? नऊ ते साडेअकरा हा आत काय करतो ते लिहा की. घरी विचारलं तर म्हणतो काही नाही केलं." बालवाडीतलं पोर घरी आलं की काय केलं ह्याचं उत्तर 'काही नाही' हेच असतं, हे सगळ्या घरात सारखं आहे बहुतेक.

हे मी ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या मग येऊन बसा की गुरुवारी. अटी तीन. मोबाईल कपाटात ठेवायचा, कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर बसायचं, आणि मुलाने मागितल्याशिवाय मदत करायची नाही. तिसरी अट फार अवघड आहे हो. चार वर्षांचा मुलगा चपलेचा पट्टा लावतोय, लागत नाहीये, परत लावतोय, आणि आपण नुसतं बघायचं, माझे हात शिवशिवायचे. स्वतःची लेक त्याच वर्गात असेल तर अजून पंचाईत, पहिल्या गुरुवारी ती येऊन माझ्या मांडीवर बसली आणि उठेना, मग मला मोठ्या गटात पाठवलं आणि तिथेच मी पुढे वर्षभर बसलो.

सकाळी प्रार्थना झाली की मुलं गोल करून बसतात आणि ज्याला वाटेल तो आपली बातमी सांगतो. ह्याला तिथे 'बातम्यांचा गोल' म्हणतात. मला वाटलं होतं ताई काहीतरी विचारतील मग मुलं सांगतील, तसं नाही, ताई नुसत्या बसतात, मधे कोणी दुसऱ्याचं तोंड दाबलं तर तेवढं सोडवतात. एकाने सांगितलं आमच्या लिफ्टमध्ये पाल होती आणि ती तिसऱ्या मजल्यावर उतरली. एक मुलगी म्हणाली माझ्या आजीने दात काढले आणि ग्लासात झोपवले. एक म्हणाला पप्पांना ट्रेनमध्ये चढायला नाही मिळालं म्हणून ते घरी परत आले मग आम्ही सगळ्यांनी पोहे खाल्ले. त्यावर लगेच तिघांच्या घरी पण पोहे झाले, त्यातल्या एकाच्या घरी तर वाघ पण आला होता पोहे खायला. ताईंनी वाघाला काही हरकत घेतली नाही, "किती खाल्ले वाघाने?" एवढंच विचारलं.

आणि मग अशाही बातम्या येतात ज्या ऐकून आपण छताकडे बघायला लागतो. आमच्याकडे बाळ येणारे पण ते अजून कोणाला सांगायचं नाहीये. बाबा आणि आजी बोलत नाहीत. काल बाबांनी रिमोट फेकला. अशा वेळी ताईंचा चेहरा जराही हलत नाही, "हं, मग?" म्हणतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात, नंतर त्या मुलाला दिवसभरात एकदा तरी जवळ घेऊन बसतात हे माझ्या नंतर लक्षात आलं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की घरातलं जे गोलात येतं ते गोलातच राहतं, अंकात नाही, ग्रुपवर नाही, आणि गेटवर त्या आईला बघून तुम्ही हसायचं पण नाही. बाळाची बातमी मी पोटात ठेवली, आमच्या घरी पण बोललो नाही, आणि दोनेक महिन्यांनी त्या आईने पेढे दिले तेव्हा मी एवढं आश्चर्य दाखवलं की बायकोला संशय आला.

तर दुसऱ्या अंकापासून पहिलं पान म्हणजे गोलातल्या बातम्या. पाल, दात, पोहे. नावं नाहीत. 'मोठ्या गटातली एक मुलगी म्हणाली' एवढंच. नाव न देण्याचा निर्णय पालक समितीत झाला, एक आई वकील आहेत, त्यांनी सांगितलं की २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे त्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते, आणि कायदा राहू दे बाजूला, उद्या हा अंक कोण कुठे फॉरवर्ड करेल सांगता येतं का. फोटोही मग पाठमोरे किंवा नुसते हात, मातीत भरलेले, कणकेचे, रांगोळीचे. सुरुवातीला काही जण नाराज झाले की आमच्या मुलाचं नाव पेपरात येणार नसेल तर काय उपयोग. पण मग वेगळीच गंमत सुरू झाली, ग्लासातले दात कोणाच्या आजीचे ह्याच्यावर गेटवर अंदाज चालू झाले, आणि चार आज्या स्वतःहून म्हणायला लागल्या की त्या मीच. तोवर ह्या आज्या एकमेकींशी 'आला का, गेला का' ह्यापलीकडे बोलत नव्हत्या.

ताईंचं एडिटिंग हा एक स्वतंत्र विषय आहे. मी लिहून नेलं की त्या लाल पेनने बसायच्या. शुद्धलेखन फारसं नाही बघायच्या, पण हुशार, खोडकर, गोड, शांत, लाजाळू असले सगळे शब्द कापायच्या. मी म्हटलं अहो शांतच आहे ती मुलगी. तर म्हणाल्या "गुरुवारी शांत होती. तुम्ही छापलंत की घरचे वर्षभर शांतच म्हणणार तिला. काय केलं ते लिहा." मग 'शांत मुलगी' जाऊन तिथे 'एक मुलगी बराच वेळ खिडकीतून कबुतराचं घरटं बघत होती आणि मग तिने सगळ्यांना हळू बोलायला लावलं' असं आलं. वाक्य लांबलं पण खरं झालं. नंबर, पहिला आला, सगळ्यात छान, हे तर कधीच नाही. ऑफिसात मला इतक्या वर्षांत कोणी रिपोर्ट असा तपासून दिला नाहीये.

सगळ्यात गाजलेली बातमी मात्र डब्याची. आमच्याकडे डब्याचं वेळापत्रक आहे, सोमवारी पोळीभाजी, मंगळवारी उसळ वगैरे, पाकीटबंद काही चालत नाही. ग्रुपवर रोज कोणाचं तरी 'ताई आज पण डबा तसाच परत आला, जरा भरवाल का' असायचं. मी डब्याच्या वेळी बसलो तेव्हा दिसलं की बऱ्याच मुलांना डबा उघडतच नाही. ते चार बाजूंनी क्लिपा असलेले घट्ट झाकणाचे डबे, माझ्या हाताला पण जोर लागतो, ते साडेतीन वर्षांच्या बोटांनी कसं निघणार. पोर दोनदा ओढून बघतं, मग शेजारच्याच्या डब्यातलं खातं किंवा खेळायला जातं. ताया उघडून देतात पण मूल मागेल तर, आणि नवीन मूल मागत नाही. अंकात एवढंच लिहिलं की डबा मुलाच्या हाताने उघडतो का ते आधी घरी बघा, साधा स्टीलचा किंवा एका खटक्याचा घ्या. त्याच्या बाजूला आज्यांच्या पाककृती, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी लावून पोळीची सुरळी. पुढच्या आठवड्यात मुलं नवे डबे घेऊन हजर. आजोबा म्हणाले आता बरोबर चाललंय.

पावसात हात-पाय-तोंडाची साथ आली. आधी एकाला, मग चौघांना. आणि ग्रुपवर नुसता कल्ला, कोणापासून सुरू झालं, नाव सांगा, फी परत देणार का, कोणी कुठला तरी काढा फॉरवर्ड करतंय, एका आईने तर मूल आजारी असताना पाठवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे असं लिहिलं आणि ज्यांना लागलं ते ग्रुप सोडून गेले. ताईंनी ग्रुप 'फक्त अॅडमिन' करून टाकला आणि आम्ही मधेच एक पानी खास अंक काढला, पालकांतल्याच एका मुलांच्या डॉक्टरांनी तपासून दिला. ताप येतो, मग तोंडात फोड, तळहात-तळपायावर पुरळ, कधी बसायच्या जागेवर पण, विषाणूचा आजार आहे त्यामुळे अँटिबायोटिक मागू नका, पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त दिसतो, बहुतेक मुलं आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होतात, तोंड दुखतं म्हणून पाणी पीत नाहीत तिकडे लक्ष ठेवा, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल वाटलं तर लगेच डॉक्टर. ताप जाऊन फोड सुकले की मगच शाळेत. आणि मूल बरं झाल्यावरही विषाणू शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून हात साबणाने, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. कोणापासून सुरू झालं हे अर्थातच नाही लिहिलं. हा कागद लोकांनी फ्रीजवर लावला, आमच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या शाळेच्या मुलांकडे पण पोचला. ग्रुप नंतर उघडला पण ते सोडून गेलेले दोघे परत आले नाहीत, कागदी अंक मात्र न्यायचे.

मावशींची मुलाखत घ्यायची ही माझी कल्पना. त्या राहतात दिव्याला, मूळच्या साताऱ्याकडच्या, बालवाडीत सगळ्यात जुन्या, ताया बदलल्या पण मावशी त्याच. आधी नाहीच म्हणाल्या, "मला काय विचारताय, मी शी-शू बघते." मग एकदा पोछा मारता मारता जूनमधल्या रडारडीवर बोलायला लागल्या आणि मी लिहून घेतलं. "रडतंय ते बरं हो. आई वळली की थांबतंय. जे गप बसतंय ना दप्तर कवळून, कुणाकडं बघत न्हाई, त्याच्यापाशी बसावं लागतं." आणि "आयांना म्हनावं पळून जाऊ नगा. सांगून जावा. पळून गेली की पोरगं दुसऱ्या दिवशी दारच सोडत न्हाई." हेच ताई दर सभेत सांगतात, मूल खेळायला लागलं की हळूच सटकू नका, येते म्हणा आणि जा, भले रडू दे. पण मावशींच्या तोंडून आल्यावर लोकांनी ऐकलं. अंक निघाला त्या दिवशी मावशींनी जादा पाच प्रती मागून घेतल्या.

डिसेंबरात आम्ही काही पालक ताईंबरोबर डहाणूजवळच्या कोसबाडला जाऊन आलो. आमच्या बालवाडीच्या भिंतीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, म्हणजे तिथे बालवाडीचं काम उभं करणाऱ्या दोघींचे फोटो आहेत, मला खरं सांगायचं तर ताराबाईंचं नाव सोडून काही माहीत नव्हतं. कोपरवरून वसईची मेमू, पुढे डहाणू लोकल, मग रिक्षाने टेकडी. जाताना गाडीत ताईंनी सगळं सांगितलं, की ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या, १९२६ साली त्यांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि १९४५ ला ताराबाई बोर्डीला येऊन बसल्या (कोसबाडला हे काम नंतर हललं). तिथे पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, कोणाला गुरं, कोणाला धाकटं भावंड सांभाळायचं, मग ह्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे १९७५ ला सरकारची बालविकास योजना आली तिच्या केंद्रांना हेच नाव आहे. पण मला जास्त भिडलं ते दुसरंच, ह्या लोकांनी बालवाडीच्या जोडीला पालकांसाठी 'शिक्षणपत्रिका' नावाचं मासिक चालवलं होतं, मराठी अंक ताराबाईच बघायच्या. म्हणजे पोरांचं काम करायचं तर आईबापांशी लिहून बोलत राहावं लागतं हे त्यांनी तेव्हाच धरलं होतं. येताना सगळ्यांनी घोलवडचे चिकू घेतले, आणि गर्दीत अर्धे चेपले, असो.

छपाईचं लवकर सांगून टाकतो. ए-थ्री कागद, मधे घडी, चार पानं, पाठपोट झेरॉक्स, पैसे पालक फंडातून. फाईल वर्डमध्ये नेली की दुकानातल्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटायची, त्यामुळे कायम पीडीएफ. पाठपोट मारताना मागची बाजू उलटी येते, एक प्रत काढून घडी घालून बघितल्याशिवाय पुढच्या मारायला सांगू नका. ज्यांना पाहिजे त्यांना पीडीएफ ग्रुपवर, पण कागदच जास्त वाचला जातो कारण तो दप्तरातून घरी जातो आणि आजी-आजोबांच्या हातात पडतो. दप्तरातल्या वॉटरबॅगने तो कधी कधी भिजतो, म्हणून दोन-चार जास्त काढायच्या.

भोंडला, तिळगूळ, बोरन्हाण ह्यांच्या बातम्या आल्याच, त्यात विशेष नाही, फक्त भोंडल्याला खिरापत ओळखायचा खेळ बाबा लोकांसाठी ठेवला होता आणि एकालाही ओळखता आली नाही, वाटली डाळ होती, वास घेऊन सुद्धा आम्ही ढोकळा म्हणत होतो.

फेब्रुवारीत वातावरण बदलतं. अॅडमिशन. कोण पुढे कुठल्या शाळेत, कोण इंग्रजी माध्यमात चाललंय, नर्सरीला ३१ डिसेंबरला तीन पूर्ण लागतात आणि पहिलीला सहा, मग जानेवारीत जन्मलेल्यांचं वर्ष जाणार का, हीच चर्चा. आणि प्रत्येक सभेतला तो प्रश्न, समोरच्या शाळेत एबीसीडी लिहितात, आपले लिहिणार कधी? ह्यावर ताई वैतागत नाहीत ह्याचं मला कौतुक आहे, मी असतो तर. त्यांनी त्या अंकासाठी स्वतः पान लिहिलं, की चिमटीने रांगोळी सोडणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, कणीक मळणं, वाटाणे सोलणं ह्या सगळ्यातून बोटात जी ताकद येते तीच नंतर पेन्सिल धरते, ती यायच्या आधी पेन्सिल दिली की मूल मुठीत धरतं आणि दुखायला लागलं की लिहिणंच नको म्हणतं. ज्यांना जायचं होतं ते तरीही गेले. मोठ्या गटातले काही मार्चमध्येच गेले, त्यातल्या एका आईने मला विचारलं अंक चालू ठेवाल का आम्हाला पाठवायला. ठेवला.

ह्या जूनपासून लेक मोठ्या गटात, आणि माझी शिफ्ट बदलली त्यामुळे गुरुवार बंद. काम आता छोट्या गटातल्या एका आईने घेतलंय. घरी भोजपुरी, बाहेर मराठी फाडफाड बोलते, लिहिताना ऱ्हस्वदीर्घाला अडखळते म्हणून तेवढं बघायचं मी कबूल केलंय. तिला एक कोपरा हिंदी पाहिजे होता कारण पाच-सहा घरी आजी-आजोबांना मराठी वाचता येत नाही, ताई लगेच हो म्हणाल्या. पहिल्याच अंकाला तिने रिक्षाकाकांची मुलाखत ठरवलीय. मी दोनदा विचारून झालो होतो, मला त्यांनी नाही म्हटलं होतं, हिला हो म्हणाले पण अट घातली की फोटो पाहिजे आणि तो समोरून पाहिजे, पाठमोरा नाही. समितीने ठरवलं की फोटोचा नियम मुलांपुरता आहे, काका पंचावन्नचे आहेत. त्यामुळे शनिवारी ते इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, रिक्षा धुवून, पुढच्या काचेला हार लावून आले, आणि मुलं रिक्षात चढायलाच तयार नव्हती कारण त्यांना वाटलं ही आपली नाही.